सायकलला नंबर नाही : कोथरूड ते बाणेर, प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सायकलने ऑफिसला जायची ट्रायल रन. सकाळी साडेसहाला निघाले, रस्ते रिकामे, त्यामुळे आजचा आकडा खरा धरायचा नाही हे आधीच लिहून ठेवते. डहाणूकर कॉलनी, कर्वे रोड, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, चतुःशृंगी, विद्यापीठ चौक, बाणेर रोड. १२.६ किमी, ५२ मिनिटं, त्यातली तीन सिंबायोसिसजवळ झाडाखाली उभी राहून धापा टाकण्यात गेली. सेनापती बापट रोडला चढ आहे हे एवढी वर्षं गाडीतून जाताना मला कळलंच नव्हतं.

हे कशासाठी, तर पर्यावरण वगैरे नाही, खोटं कशाला बोला. जानेवारीत एका संध्याकाळी ऑफिसमधून घरी यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. साडेबारा किलोमीटरला! चालत आले असते तरी फार उशीर झाला नसता. त्या दिवशी बाणेर रोडवर माझ्या गाडीशेजारून एक माणूस मागे कॅरियरला दुधाचा कॅन बांधून निवांत सायकल मारत पुढे गेला, तो मला परत दिसलाच नाही.

सायकल नणंदेच्या मुलाची आहे. हायब्रिड, ३ बाय ७ गियर, ७०० बाय ३५ टायर. तो बंगलोरला गेल्यापासून दोन वर्षं आमच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालायच्या कामी होती. टार्गेट : आठवड्यातून तीन दिवस. गाडी त्या ट्रॅफिकमध्ये ११ चं अ‍ॅव्हरेज देते, पेट्रोल १०४ धरलं तर जाऊन येऊन रोजचे २४० रुपये. फक्त मोजून ठेवतेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला खरा दिवस. ५८ मिनिटं. गाडीने सकाळी पन्नास लागतात, म्हणजे फरक आठ मिनिटांचा, मी एकदम खुश. खुशी ऑफिसच्या गेटपर्यंत टिकली.

सिक्युरिटीच्या काकांनी हात आडवा केला. "मॅडम, ही कुठं लावणार?" म्हटलं टू व्हीलर पार्किंगमध्ये, दोनच चाकं आहेत. ते म्हणाले, स्टिकर लागतं. म्हटलं गाडीचं आहे ना माझं. तर ते गाडीचं झालं, सायकलचं नाही. मागून कारवाले हॉर्न देतायत, घाम कपाळावरून डोळ्यात उतरतोय, आणि मी तेरा वर्षं ज्या बिल्डिंगमध्ये काम करतेय तिच्या दारात उभी. शेवटी कुरियरवाल्यांच्या गेटाजवळ रेलिंगला साखळीने बांधली. दिवसभरात चार वेळा खिडकीतून बघून आले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्टिकरचा फॉर्म भरायला घेतला. वाहन क्रमांक (अनिवार्य), आरसी बुकची कॉपी, इन्शुरन्स, पीयूसी. सायकलची पीयूसी! धूर निघतोच म्हणा, सेनापती बापट रोडच्या चढावर, पण तो माझ्या कानातून.

वाहन क्रमांक रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही, म्हणून फ्रेम नंबर टाकायचं ठरवलं. तो क्रँकच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो. रात्री गॅलरीत सायकल उलटी केली, जुन्या टूथब्रशने माती घासली, मोबाईलचा टॉर्च मारला, एक अक्षर आणि आठ आकडे निघाले. टाईप केले. फॉर्म म्हणतो, क्रमांक एमएच पासून सुरू करा.

अण्णा (सासरे) आरामखुर्चीतून हे सगळं बघत होते. ते खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, सगळी नोकरी सायकलवर. म्हणाले, आमच्या वेळी सायकलला बिल्ला असायचा. कॉर्पोरेशनचा, कर भरला की मिळायचा, दरवर्षी नवा. तो नसला की पकडायचे, दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसले तर दोघांनाही उतरवायचे. भोंगा झाला की फॅक्टरीच्या गेटातून सायकलींचा लोंढा सुटायचा, मध्ये पायी माणूस सापडला तर तो पुलापर्यंत वाहत जायचा. मग जरा थांबून, "आमची सायकल कॉर्पोरेशनला ठाऊक होती, तुझी तुझ्या ऑफिसलासुद्धा ठाऊक नाही."

फॉर्म तसाच सोडला. अ‍ॅडमिनला मेल टाकला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घामाचा प्रश्न. सगळे पहिला हाच विचारतात, आणि विचारताना एक पाऊल मागे सरकतात. ऑफिसात शॉवर नाही. जिम आहे, टेबल टेनिस आहे, शॉवर नाही. दोन आठवडे प्रयोग करून जे जमलं ते असं : पाठीवर बॅग घ्यायची नाही, पाठ भिजते, सगळं सामान कॅरियरला. आठच्या आत निघायचं. आणि पोचल्या पोचल्या कपडे बदलायचे नाहीत, ही सगळ्यात मोठी शिकवण, कारण अंग गार व्हायच्या आधी बदललं तर कोरडा कुर्तासुद्धा पाच मिनिटांत ओला होतो. दहा मिनिटं वाऱ्याला बसायचं, मग ओला पंचा, मग कोरडा, मग कपडे. पंचाच, टर्किश टॉवेल नाही, तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि बॅगेत कुबट वास मारतो.

आज आमटी सांडली. डब्याचं झाकण घट्ट होतं, पण विद्यापीठ चौकात मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांशेजारी रस्ता असा आहे की घट्ट झाकणाचाही धीर सुटतो. लॅपटॉप वाचला, कुर्ता गेला. यापुढे सायकलच्या दिवशी कोरडी भाजी.

वाऱ्याला बसायची जागा सापडली ती जनरेटरच्या मागे. तिथे आधीच एक सायकल होती. काळी, अठ्ठावीस इंची, रॉड ब्रेकवाली, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. गेटवरच्या काकांचीच. ते सुतारवाडीहून येतात, गेली नऊ वर्षं. मी तेरा वर्षं इथे आहे आणि ही सायकल आज पहिल्यांदा पाहिली. काका म्हणाले, "हितंच लावत जावा की माझ्याशेजारी, कुणी इचारत न्हाई. सावली बी हाय."

लावली.

२० मार्च, गुरुवार

पंक्चर. लॉ कॉलेज रोडवर, सव्वाआठला, मागचं चाक. दोनशे मीटर ढकलत नेली तर फुटपाथवर झाडाला टायर टांगलेला दिसला, म्हणजे दुकान.

पंक्चरवाल्याने चाक काढलं, दोन पट्ट्या घालून टायर उसवला, ट्यूब बाहेर ओढली आणि हवा भरायला नळी लावली तर ती बसेचना. माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह प्रेस्टा, बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला. साध्या सायकलला वॉलट्यूबवाला असतो, स्कूटर आणि कारला जाड श्रेडर, हा तिसराच. त्याने तो दोन बोटांत धरून फिरवून पाहिला. "मोबाईलवाल्यांनी चार्जर बदलले तसे तुमच्यावाल्यांनी वॉल्व्ह बदलले का?" मग डब्यात हात घालून खळखळ आवाज करत बराच वेळ शोधून एक पितळी तुकडा काढला, शेंगदाण्याएवढा, तो वॉल्व्हवर फिरवून बसवला की श्रेडर होतो. कुणीतरी विसरून गेलं होतं म्हणे.

मग पाण्याची घमेली. ट्यूबचा एकेक भाग दाबत दाबत पाण्यातून फिरवला, एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ आली. ती जागा पुसून, कानशीने घासून, सोल्युशन लावून, फुंकर मारून तो थांबला. मला घाई होती, साडेनऊची मीटिंग. म्हटलं चिकटवा की. तो म्हणाला, ओलं असताना चिकटवलं तर उद्या परत याल. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं तेव्हाच त्याने ठिगळ बसवलं आणि हातोडीच्या दांड्याने दाबलं. पण ट्यूब लगेच आत घातली नाही. आधी टायरच्या आतून चिंधी फिरवली, एका ठिकाणी ती अडकली, तिथून पकडीने एक तार काढली, केसाएवढी, सेंटिमीटरभर लांब. ट्रकचे टायर फाटतात त्यातल्या तारा रस्त्यावर पडतात म्हणाला, ही राहिली असती तर पुढच्या चौकात पुन्हा पंक्चर. त्या चिंधीसाठी मी त्याला मनातल्या मनात सीनियर टेस्टर करून टाकलं. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये बग फिक्स करतात आणि तार आतच ठेवतात.

चाळीस रुपये. पितळी तुकडा फुकट दिला. आता तो किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, म्हणजे पेट्रोल पंपावर कारची हवा भरतात तिथेही माझं काम होतं. सगळ्या ट्यूबच श्रेडरच्या घ्याव्यात म्हटलं तर रिमचं भोक प्रेस्टाचं, साडेसहा मिलिमीटर, श्रेडरला साडेआठ लागतं. भोक मोठं करा म्हणे. नको.

३० मार्च, रविवार, पाडवा

मुहूर्तावर खरेदी : मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा, हँडलला आरसा, कॅरियरच्या बाजूला लावायची बॅग. सगळ्यात उपयोगी आरसा. मान वळवून मागे बघताना सायकल नेमकी तिकडेच वळते, आणि तिकडे पीएमटीची बस असते (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, घरी पीएमटीच). अण्णांनी सायकलला हळदकुंकू लावलं. हार दसऱ्याला म्हणाले.

२३ एप्रिल, बुधवार

ऊन. संध्याकाळी सहाला निघालं तरी डांबरातून वाफ येते. रूट बदलला : विद्यापीठ चौकातून बाणेर रोड सोडून पाषाण रोडने, एनसीएल, आयसर, पाषाण, मग लिंक रोडने बाणेर. एक किलोमीटर जास्त, पण एनसीएलच्या बाजूने झाडांची सावली आहे, तिथे शिरलं की कुणीतरी पंखा लावल्यासारखं वाटतं. बाणेर रोडला १२.६ करण्यापेक्षा इकडून १३.७ केलेले परवडले.

नवऱ्याने मोजलं, वजन अर्धा किलो वाढलंय. भूक. चार वाजता वडापाव लागतोच. ही नोंद खर्चाच्या कॉलममध्ये पण जाते.

२६ मे, सोमवार

आज हवामान खात्याने पुण्यात मान्सून आल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात! मडगार्ड जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवायचे असं प्लॅनमध्ये लिहिलेलं, त्यामुळे आज पाठीवर खालपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा घेऊन ऑफिसला पोचले. लिफ्टमध्ये कुणी काही बोललं नाही, फक्त माझ्यामागे कुणी उभं राहिलं नाही.

ब्रेकबद्दल. अण्णांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, मागचा ब्रेक आधी, पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील. आज नळ स्टॉपच्या पुलाखाली एक रिक्षा मध्येच थांबली, मी मागचा दाबला, मागचं चाक पट्टे मारलेल्या जागेवरून सर्रकन बाजूला सरकलं, पाय टेकला म्हणून वाचले. रात्री वाचलं आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस केली : ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते घसरतं. थांबवतो तो पुढचाच, फक्त तो हळूहळू दाबत जायचा, एकदम नाही, आणि बूड मागे घ्यायचं. शिवाय ओल्या रिमवर ब्रेकचा पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, थांबणं त्याच्यानंतर सुरू होतं. रंगाचे पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा यांच्यावर ब्रेकही नाही, वळणंही नाही, सरळ जायचं.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या सायकलला पुढचा ब्रेक लागायचाच नाही, म्हणून मला तो वाईट वाटत असेल."

३ जून, मंगळवार

जागतिक सायकल दिन. युनोने २०१८ पासून सुरू केलाय, हे मला आज एचआरच्या मेलमधून कळलं. मेलमध्ये एक गोरी बाई समुद्रकिनारी सायकल घेऊन उभी. खाली, आपली कंपनी ग्रीन कम्युटला प्रोत्साहन देते. अकराला लॉबीत फोटो, सायकल घेऊन या. म्हणजे लॉबीत चालते. पार्किंगमध्ये नाही चालत, लॉबीत चालते.

फोटोला नऊ जण आले, सायकली दोन. एक माझी. दुसरी एकाने कारच्या मागे बांधून आणली होती.

मी रिप्लाय ऑल केला. करायला नको होता, पण केला. फेब्रुवारीपासूनचे माझे चार मेल, तारखांसकट, आणि खाली एकच प्रश्न : फोटो झाल्यावर सायकल कुठे लावू?

२० जून, शुक्रवार

आज पालख्या पुण्यात. सगळे वर्क फ्रॉम होम, माझी मात्र क्लायंट व्हिजिट. फर्ग्युसन रोडकडून येणारी गर्दी टाळायला पहिल्यांदाच चांदणी चौकातून गेले. कोथरूड डेपोपासूनचा चढ मी अर्धा चढवला, अर्धा चालत, लाज नाही. वर पोचल्यावर खरी गंमत. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला, नवा २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, गाडीतून जाताना मस्तच आहे. सायकलवर मात्र कुठला रॅम्प मुळशीकडे, कुठला हायवेला, कुठला बावधनला हे बोर्ड वाचून होईपर्यंत मागचा हॉर्न कानात शिरतो, आणि चुकलात तर थेट मुंबई–बंगलोर हायवेवर. मी सायकल कडेने हातात धरून ओलांडली आणि मग बसले. बावधन–पाषाण उतार छान.

संध्याकाळी येताना हाच रस्ता उलटा घेतला, चौकापर्यंत थोडं दमायचं आणि मग कोथरूडपर्यंत जवळजवळ पॅडल न मारता. ठरलं : सकाळी सावलीचा रूट, संध्याकाळी उताराचा.

घरी पोचले तर समोरच्या शाळेत वारकऱ्यांची एक दिंडी मुक्कामाला. एक आजी पायाला तेल चोळत बसलेल्या. कुठून आलात विचारलं तर जालन्याजवळचं गाव सांगितलं. मी माझे १३ किलोमीटर कुणाला सांगितले नाहीत.

१५ जुलै, मंगळवार

चेन कुरकुरतेय. पावसात तेल दोन दिवसांत धुऊन जातं. चेन झिजलीय का हे पट्टीने मोजता येतं : पिनेच्या मध्यापासून मोजायचं, नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच वाढलं की बदलायचा विचार करायचा, एक अष्टमांश वाढलं म्हणजे उशीर झाला, तोवर मागचे दातेही खाल्लेले असतात. माझी सोळांशच्या थोडी पुढे. नवी घेतली. जुनी अण्णांनी ठेवून घेतली, कशाला ते विचारायचं नाही.

आत्तापर्यंत ५३ दिवस. पेट्रोलचे वाचले साधारण बारा हजार सातशे. सायकलवर गेले नऊ हजार चारशे, त्यात वडापाव धरलेला नाही.

अ‍ॅडमिनकडून उत्तर : सायकल स्टँडचं प्रपोजल अंडर कन्सिडरेशन. त्या रिप्लाय ऑलमुळे झालं असं माझी मॅनेजर म्हणते, आणि परत कधी करू नकोस असंही म्हणते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विद्यापीठ चौकातला नवा पूल या आठवड्यात सुरू झाला, आत्ता फक्त औंधकडून शिवाजीनगरला जाणारी बाजू. जुना २०२० मध्ये पाडला होता, म्हणजे पाच वर्षं. आमच्यासाठी खालचा चौकच, तरी गर्दी जरा सुटी झाल्यासारखी वाटली. मेट्रोचे पत्रे जिथे हटलेत तिथे डाव्या कडेला हातभर डांबर मोकळं मिळतंय. एवढं पुरतं मला. कुणी तिथे रिक्षा स्टँड टाकायच्या आत वापरून घेते.

१५ सप्टेंबर, सोमवार

स्टँड आला! बेसमेंट दोनमध्ये, अगदी कोपऱ्यात, वाकवलेल्या पाईपचा, सहा सायकलींचा. फक्त पुढचं चाक अडकतं असा आहे, म्हणजे शेजारच्याचा धक्का लागला की रिम वाकणार, फ्रेमला कुलूप लावायला काही नाही. फॅब्रिकेटरला कुणी विचारलंच नसणार. सकाळी साडेनवाला जाऊन बघितलं तर सहातल्या दोन जागांवर अ‍ॅक्टिव्हा.

स्टिकरही आलं. वाहन क्रमांकाच्या जागी माझा एम्प्लॉयी कोड आणि पुढे सी-१. अण्णांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "पितळी नाही पण."

काकांना म्हटलं, चला आता खाली लावा, पावसात भिजते तुमची. तर त्यांना स्टिकर मिळत नाही. ते एजन्सीकडून, कंपनीचा कोड नाही, कोड नाही तर फॉर्म उघडत नाही. हाउसकीपिंगच्या दोघी पण सायकलवर येतात, त्यांचंही तेच. म्हणजे या बिल्डिंगमध्ये रोज सायकलने येणारी माणसं चार, त्यातली तीन फॉर्मला माहीत नाहीत.

दुपारी फॉर्म परत उघडला. एका एम्प्लॉयीला पाच वाहनांपर्यंत परवानगी आहे, कारवाल्यांसाठी केलेली सोय असणार. काकांच्या सायकलचा नंबर सीटच्या खाली नळीवर निघाला, गंजात अर्धा बुजलेला, त्यांनीच किल्लीने खरवडला आणि मी एकेक आकडा मोठ्याने वाचत टाईप केला. मग त्या दोघींच्या. सी-२, सी-३, सी-४. वाहनमालकाशी नातं या रकान्यात ड्रॉपडाउन होता, स्वतः, पती/पत्नी, इतर. इतर टाकलं.

स्टेटस : मंजुरी बाकी. तोपर्यंत माझीही जनरेटरच्या मागेच.